अर्धी मिशी

"अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष धादांत खोटं बोलतो, पेपरात आलंय," सलूनच्या खुर्चीत बसलेले निंबाळकर मास्तर म्हणाले.

"पेपरवाले विकलेत, मास्तर. मोबाइलवर बघा, माणूस वाघ आहे," वस्तरा थांबवून सलूनवाला संपत म्हणाला.

"मोबाइलवर तुला गाढवही वाघच दिसणार!"

संपतनं मास्तरांची अर्धी मिशी सपकन उडवली. "उरलेली तुमच्या संपादकाकडून करून घ्या."

मास्तर उठले. उरलेल्या मिशीला तेल लावून, पीळ देऊन ते चौकात जाऊन बसले. थांबेल त्याला सांगू लागले, "संपतनं केली. कशी झालीय?"

दुपारनंतर सलूनकडे कुणी फिरकेना. शेवटी संपत वस्तरा घेऊन चौकात आला. "चुकलो, मास्तर. दुसरी बाजूही काढून देतो."

मास्तर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "आज राहू दे. उद्या आठवडी बाजार आहे."