आपम्ही

बाबांचं हेल्मेट मांडीवर घेऊन लेक त्यात तोंड घालून बोलत होती. "बाबा, उद्या आपम्ही नव्या घरी जाणार!" माझा नवरा अपघातात गेल्यापासून तिचं हे रोजचंच. बालवाडीच्या बाईंनी बजावलं होतं, असले शब्द वेळीच सुधारा, नाहीतर जिभेवर बसतील. मी खाली बसले. "पिल्लू, असा शब्द नसतो गं. ज्याला सांगतोय तोही येणार असेल तर 'आपण'. नसेल तर 'आम्ही'." "माहितीये! 'आपण' म्हटलं तर खोटं. बाबा कधीच येणार नाहीत." "मग 'आम्ही' म्हण." तिनं हेल्मेटवर झटकन हात ठेवले. "हळू बोल ना आई, बाबांना वाटेल, त्यांना टाकून चाललो! म्हणून मी दोन्ही मिसळले. तू सांग मग, बरोबर शब्द कुठला?" मी तोंड उघडलं. दोन्ही शब्दांचा 'आ' तेवढा निघाला. पुढचं अक्षर काही केल्या फुटेना.