वाणाची तुळस

इंदिराकाकूंनी अंगणातल्या तुळशीचं एक पान खुडून शेजारच्या वैजयंतीच्या तळहातावर ठेवलं. पानात पांढरी वेडीवाकडी रेघ फिरत जाऊन शेवटी तिचा शंख झाला होता.

"देवानं काढलाय गं! वाडीतल्या सगळ्या तुळशींवर आलाय. पानं गळतायत, पण औषध मारायला कुणाचा हात धजावत नाही."

वैजयंतीने तो शंख लगेच ओळखला. घाणेरीचं रान संपवायला तिने प्रयोगशाळेत एक पतंग घडवला होता. त्याची अळी पान आतून पोखरताना शंख काढायची. ती कुठवर पसरली ते कळावं म्हणून ही खूण तिनेच जनुकांत घातली होती. घाणेरीशिवाय अळी कशालाच तोंड लावणार नाही, असं सहीनिशी लिहूनही दिलं होतं. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाण म्हणून तुळशीची रोपं लुटली होती, त्याच प्रयोगशाळेच्या काचघरातली.

"काकू," ती खाली मान घालून म्हणाली, "हा शंख देवाचा नाही. माझ्या अळीचा आहे. तुमच्या तुळशी माझ्यामुळे मरतायत."

काकूंनी तिच्या तळहातावरचं पान उचलून घेतलं.

"लेकींच्या सासरीही पाठवली गं रोपं," त्या म्हणाल्या. "बेळगावला, बडोद्याला. तुझ्या हातचं वाण म्हणून, तुझं नाव सांगून."