मोरीतल्या काळ्या मुंग्या

बस वं पोरी. भाजीची थैली ठेव खाली, अन् अशी इकडंतिकडं पाहू नको, कोणी खात नाही तुले. दोन भावायची गोष्ट सांगतो. पाच मिनिटं लागन.

सक्करदऱ्यात एकाच घराचे दोन भाग, मधात भिंत. थोरला रिटायर क्लर्क, धाकटा जिलेबी तळणारा. बापाचा पाय धंतोलीच्या दवाखान्यात कापला, तवा दोघायनं मिळून खाट उचलली होती. त्याच्यानंतर मिळून काहीच नाही.

एक दिवस थोरल्याच्या मोरीत काळ्या मुंग्या निघाल्या. ही मुंगी चावत नाही, पण गोडाचा पत्ता सोडत नाही. थोरला भिंतीवरून वरडला, "काहून बे जिलेबीवाल्या, माह्या मोरीत पाक ओतते?"

"पाक काय फुकट येते गा?"

"मंग ह्या काय सत्यनारायणाच्या प्रसादाले आल्या?"

फिनाईल झालं, हळद झाली. दुसऱ्या दिवशी रांग तशीच. थोरला असा पेटला का त्यानं गंजभर मटणाची तर्री भिंतीवरून धाकट्याच्या उंबऱ्यावर फेकली.

लाल मुंगीची जात अलग. दिसाले बारीक, पण डंखते. तिले तेला-मटणाचा वास पुरते. दुपारी खाली झोपलेल्या धाकट्याच्या नातीले कानापासून मानेपर्यंत फोडून काढलं. तीन वर्षाची पोर.

धाकटा भांडाले गेला, तं थोरल्यानं फावडंच उचललं. "दारात पाय ठेवशील, तं पाय तोडीन!"

मंग धाकट्यानं ठरवलं. नाव झालंच हाय, तं कामही करू. थोरला कामठीले लग्नात गेला, अन् हा पाकाचा लोटा घेऊन मागच्या गल्लीतून त्याच्या मोरीत घुसला.

लोटा तिरपा केला, अन् थांबला.

मुंग्या भिंतीकडून येतच नव्हत्या. नळाकडंही नव्हत्या. थोरला जिथं लघवीले बसते, त्या कोपऱ्यात सगळ्या गोळा. बापाच्या टायमालेही, पाय कापाच्या सहा महिने आधी, अश्याच निघाल्या होत्या. तवा दोघं भाऊ हासले होते.

लोटा तसाच वापस आणला म्या.

कामिनी, उद्या सकाळी तुह्या सासऱ्याले उपाशीपोटी धंतोलीत ने, शुगर तपासून घे. अन् चुलतसासऱ्यानं सांगतलं म्हणू नको, नाही तं जाणार नाही तो.