माडीवरची केबिन

बर्फाच्या कारखान्यात साडूला माडीवरची केबिन मिळाली आणि मला खाली मशीनशेजारची खोली. तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. विषारी वायू जड असतो, गळती झाली की तळाशी साचतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मग काय, महिनाभर साहेबांसमोर खोकून खोकून केबिन बदलून घेतली.

सोमवारी सुरक्षेचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षक म्हणाले, "खाली साचतो तो क्लोरीन. आपण बर्फासाठी वापरतो अमोनिया. तो हवेपेक्षा जवळजवळ निम्म्यानं हलका, सरळ वर चढतो. म्हणजे जास्त धोका माडीला."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. साडू हळूच म्हणाला, "साडूभाऊ, तुमचा खोकला जुना. तुम्ही खाली या, मी जातो वर."

संध्याकाळी हे ऐकून बायकोचे डोळे भरून आले. "भाऊजींचं मन केवढं मोठं, बघा!"

कसलं मन? जीव गेला तरी बेहत्तर, पण ह्या माणसाला माझ्या वरच बसायचंय!

मी केबिन सोडलेली नाही. नाकाला ओला रुमाल बांधून बसतो. तो रोज खालून हाक मारून विचारतो, "साडूभाऊ, बरे आहात ना?"

किती जळतो लेकाचा!