न फुटलेला कोष

धाकटीचं लग्न झालं त्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायू झाला. सगळं अंग लुळं पडलं, तोंडातून हूं की चूं नाही. "ताई, देहाचा नुसता ओंडका झालाय," भाऊ उशाशीच म्हणाला. "उद्या नाकातली अन्नाची नळी काढू, सुटतील बिचारे." ताई मान डोलावून कामावर गेली. प्रयोगशाळेत तिने रेशीमकिड्यांमधलं पेप्टाइड, म्हणजे निरोप पोचवणारा प्रथिनाचा छोटा तुकडा, छाटणारं एन्झाइम बंद केलं होतं; पेप्टाइड छाटल्याशिवाय पतंगाला बाहेर पडायचा निरोप मिळत नाही. कोष फुटले नव्हते. मेलेला समजून तिने एक कापला. आत पुरा वाढलेला पतंग पाय हलवत होता. ती तडक घरी आली. "बाबा, ऐकू येतं? हो असेल तर डोळे मिटा." वडिलांनी डोळे मिटले. भाऊ पांढराफटक पडला. "नळी राहू द्यायची ना?" ताईने विचारलं. डोळे उघडेच राहिले. तिने पुन्हा विचारलं; उघडेच. नळी काढली. रविवारी सकाळी वडील वारले.