एका रेणूइतका थर

ग्लेनिस पॅस्कोने सुई तबकातल्या पाण्याजवळ नेली आणि तिचा हात पुन्हा थरथरला. थेंब पाण्यावर अलगद ठेवायचा असतो. तो टपकन पडला आणि तबकभर वलयं उठली.

“आज वारा फार आहे,” ग्लेनिस म्हणाली.

खिडक्या बंद होत्या. तिची मदतनीस सेफिनाने मान डोलावली. “हो ना. उत्तरेकडचा. काही करू देत नाही.”

ॲडलेडच्या या प्रयोगशाळेत ग्लेनिस एकतीस वर्षं हेच करत होती. गुलाबी खाऱ्या तळ्यातल्या जीवाणूंचं प्रथिन तबकातल्या पाण्यावर पसरायचं, काच बुडवून सावकाश वर काढायची आणि एका रेणूइतका पातळ थर तिच्यावर चढवायचा. हा थर कोणाला दिसत नाही. कोरी काच आणि थराची काच शेजारी ठेवली तर ग्लेनिसलाही ओळखता यायची नाही. ते पलीकडच्या खोलीत मोजणी करणाऱ्या डार्कोचा लेझर ओळखतो. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश थरात शिरतो आणि रेणू एकाच दिशेला तोंड करून उभे असतील, तर त्यातला थोडा हिरवा होऊन बाहेर पडतो.

विभागप्रमुखांनी शुक्रवारची मुदत दिली होती. तोवर तीन चांगल्या काचा झाल्या नाहीत, तर तबक दुसऱ्या गटाकडे जाणार आणि ग्लेनिस घरी.

“तू करून बघ की एखादी,” ग्लेनिस म्हणाली. “चार वर्षं नुसत्या काचा पुसतेस.”

“तुमच्यासमोर मी सुई धरू? माझ्या आईला कळलं तर परत गावी, अपियाला पाठवेल.”

“तुझ्या आईला थर कळतात का?”

“मोठ्यांच्या पुढे हात घालू नये, हे कळतं.”

मंगळवारी ग्लेनिसने खोलीचं दार आतून लावून घेतलं. “कोणी येऊ नका. श्वासानेसुद्धा पाणी हलतं.” चार वाजता ती बाहेर आली. डबीत तीन काचा होत्या. “झाल्या एकदाच्या. उद्या दुपारी डार्कोला दे.” तिने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला, तरी तो बशीवर वाजत राहिला.

सेफिनाने त्या आवाजाकडे लक्ष नसल्यासारखं केलं.

बुधवारी ती सकाळी सहालाच आली. पहिला थेंब वाया गेला. दुसराही. तिसऱ्या वेळी तिने श्वास रोखला आणि थेंब पाण्यावर ठेवला. नऊ वाजेपर्यंत तिच्या तीन काचा तयार होत्या. त्या तिने डबीत ठेवल्या आणि ग्लेनिसच्या काचा आपल्या खणात.

दुपारी डार्को पडद्यापुढून हलेना.

“म्हातारीला अजून शंभर वर्षं ठेवा म्हणावं. हे बघ, कडेपासून कडेपर्यंत हिरवं. तिन्ही.” त्याने वळून पाहिलं. “आणि तू तोंड पाडून का बसलीस? तुझ्या खिशातून केक आणायला सांगत नाहीये.”

सेफिनाने सगळं सांगितलं.

डार्कोने सहीसाठी काढलेलं पेन खाली ठेवलं. “म्हणजे मी सही केली की नोंद खोटी.”

“आणि नाही केलीस तर त्या घरी.”

“त्यांच्या काचा कुठे आहेत?”

“खणात. का?”

“आण तर. चांगल्या निघाल्या तर प्रश्नच मिटला. काय सांगावं, बाई हट्टी आहे.”

सेफिना जवळजवळ धावतच गेली.

पहिल्या काचेवर शून्य आलं. दुसरीवर शून्य. तिसरी डार्कोने वीस जागी तपासली, मग पुसून ठेवलेली कोरी काच लावली आणि दोन्ही आकडे पुन्हा पाहिले.

“इतकी वाईट?” सेफिनाने विचारलं.

“वाईट असती तर बरं झालं असतं. हात हलला की थराची ठिगळं होतात. ठिगळंही कुठेतरी हिरवी दिसतातच. इथे एकसुद्धा नाही.” तो हलक्या आवाजात म्हणाला, “सेफिना, या काचा पाण्यात गेलेल्याच नाहीत.”

“पण दिवसभर आत होत्या त्या.”

“ते मला नको विचारूस.”

मोजणाऱ्याच्या मनात आधीच काही बसू नये म्हणून काचांची माहिती बंद पाकिटात येते आणि ते मोजणी झाल्यावरच उघडतात. ग्लेनिसने ते सोमवारीच देऊन ठेवलं होतं. डार्कोने ते फोडलं, वाचलं आणि सेफिनापुढे सरकवलं.

वर सोमवारची तारीख होती. खाली लिहिलं होतं: “तिन्ही थर सेफिना तुइलागीने एकटीने केले आहेत. तबक यापुढे तिच्याकडे राहावं.”