पोरांच्या आवडीचा विषय

सोलापुरातल्या एका खासगी संस्थेत ऋतुजा मॅडम सायबर सिक्युरिटीच्या पोरांना लिनक्स आणि सर्व्हरवरच्या नोंदी, म्हणजे लॉग, वाचायला शिकवायच्या.

"तुमचं ते लॉग वाचणं कोण शिकणार, मॅडम? पोरांना हॅकिंग पाहिजे. जाहिरातीतही तेच शोभतं," संचालक हिंदुराव सर तोंड वाकडं करून म्हणाले.

मग मॅडमनी संस्थेच्या सर्व्हरवर पोरांचंच मतदान घेतलं. हॅकिंगला एकशे बारा मतं पडली, लॉगला नऊ.

"बघा, मी सांगत नव्हतो?" सर मिशीतल्या मिशीत हसले.

वर्गात पोरं होती चाळीस.

मॅडमचं डोकंच फिरलं. ही टवाळ पोरं साधं मतही सरळ देत नाहीत, आणि निघालीत सुरक्षा शिकायला! चोर सगळ्यांसमोरच पकडायचा, असं ठरवून त्यांनी वर्गातल्या पडद्यावर लॉग उघडला. "कुणी, कधी, कुठल्या कॉम्प्युटरवरून मत दिलं, ते सगळं यात लिहिलेलं असतं," त्या करड्या आवाजात म्हणाल्या.

एरवी शेवटच्या बाकावर पेंगणारा मायाप्पा ताडकन उठून पुढं आला. "मॅडम, एक्क्याऐंशी मतं एकाच कॉम्प्युटरवरनं पडल्यात की! थांबा, आमी हुडकतो."

सगळा वर्ग पडद्याभोवती गोळा झाला. मोबाइलला कुणी हातही लावला नाही. पाच मिनिटांत कॉम्प्युटर सापडला. तो सरांच्या केबिनमधला होता.

दारात उभ्या सरांनी घसा खाकरला.



"मॅडम, हा लॉगचा धडा आजच काढून टाका. पोरांना यात रसच नाही."